पाव गोळी

“घाई कुणाला हाय?”

समोरचा माणूस घाईत असल्याशिवाय आमचे सोनारमामा हे वाक्य बोलत नसत. उद्या हळद आणि आज मंगळसूत्राची वाटी निखळली म्हणून धावत आलेला वधूपिता असो, की सासू गावाहून परतायच्या आत तुटलेल्या साखळीला सांध्याचा डाग लावून हवा असलेली सून असो, मामा डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवायचे, त्या माणसाला सावकाश न्याहाळायचे आणि हा प्रश्न विचारायचे. उत्तर यायच्या आत भिंग परत डोळ्यावर. काम मात्र दिलेल्या वेळेत व्हायचं.

तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेल. लातुरात गोलाईच्या बाजारामागे आमची गल्ली आहे, तिथे एका जिन्याखालच्या कोनाड्यात मामा बसत. पाटी नाही, काचेचं कपाट नाही. एक बुटकं मेज, एक काटा, चिमटे, फुंकणी आणि गुलाबी कागदाचा गठ्ठा. नवे दागिने घ्यायला लोक मोठ्या सराफांकडे जात आणि मोडलेले मामांकडे आणत. मूळचे कंधारचे, पण गल्लीतल्या निम्म्या माणसांचे कान त्यांनीच टोचलेले होते.

गल्लीतला दुसरा प्रसिद्ध माणूस मी. हे अर्थात मीच ठरवलेलं. मी शाळेत मराठी शिकवतो, पण जिल्ह्यात मला ओळखतात ते सूत्रसंचालक म्हणून. सत्कार, एकसष्टी, उद्घाटन, निरोपसमारंभ, काहीही सांगा. “माइक हातात आला की सर वाघ हायेत,” असं लोक म्हणत. कार्यक्रमाच्या आधी या वाघाचे तळहात घामानं चिंब होत आणि छाती अशी धडधडे की शेजारी बसलेल्या पाहुण्याला ऐकू जाईल अशी भीती वाटे. पुढे पुढे कार्यक्रम नसतानाही धडधडू लागलं. भाजी घेताना. परीक्षेचे पेपर तपासताना. एकदा तर नुसता रविवार आहे म्हणून.

हृदयाच्या डॉक्टरांकडे दोनदा ईसीजीची पट्टी काढून झाली. दुसऱ्यांदा ते म्हणाले, “सर, हृदय ठणठणीत आहे. मनाच्या डॉक्टरांना दाखवा.” असे डॉक्टर लातुरातही आहेत. पण माझ्यासारखा नामवंत माणूस तिथल्या बाकावर कुणी पाहिला तर? म्हणून मी नांदेड गाठलं. भर मे महिन्यात तोंडाभोवती मफलर गुंडाळून तिथल्या बाकावर बसलो. सगळा दवाखाना माझ्याकडेच बघत होता, कारण मफलर मी एकट्यानंच घातला होता.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. एक रोजचं औषध दिलं, जे हळूहळू लागू पडणार होतं, आणि तोवर आधार म्हणून रात्री एक छोटी गोळी. “ही फक्त तीन आठवडे,” त्या म्हणाल्या. “हिची सवय लागते. ही चालू असताना गाडी चालवायची नाही, दारू नाही, दुसरं झोप आणणारं औषध नाही, सर्दीचंसुद्धा मला विचारल्याशिवाय नाही. तीन आठवड्यांनी या.” वर्गातली पोरं न ऐकता जशी मान हलवतात तशी मी हलवली.

गोळीनं काम चोख केलं, ते नाकारणार नाही. पहिल्यांदाच छाती गप्प बसली. मी इतका खूश झालो की रोजचं औषध बंद केलं, नांदेडला जाणं बंद केलं आणि ती छोटी गोळी तेवढी चालू ठेवली. मेडिकलवाला माझा जुना विद्यार्थी. जुनी चिठ्ठी दाखवली की बिचारा डोकं खाजवायचा, पण वर्गात ज्यानं छड्या मारल्या त्या माणसाला नाही कसं म्हणणार? अशी दीड वर्षं गेली. रात्री एक होतीच, आता कार्यक्रमाच्या आधी आणखी एक झाली.

मग वाघाची शेळी होऊ लागली. एका एकसष्टीला मी सत्कारमूर्तींचा उल्लेख ‘कैलासवासी’ असा केला. ते पुढच्याच खुर्चीत हार घालून बसले होते. त्यांनी मोठ्या मनानं माफ केलं, त्यांच्या पत्नीनं अजून नाही. एका निरोपसमारंभात मंत्र्यांचं भाषण चालू असताना मी व्यासपीठावर घोरलो, आणि माइक माझ्याजवळ होता. शाळेत मुलांची नावं आठवेनात, म्हणून सगळ्यांनाच ‘बाळ’ म्हणू लागलो. मुलांना वाटलं, सर प्रेमळ झाले. शेवटी एका सकाळी स्कूटर चालवता चालवता डुलकी लागली आणि मी उभ्या असलेल्या रसाच्या गाड्यावर जाऊन आदळलो. नशिबानं गाड्याशी कुणी नव्हतं. ढोपर फुटलं, पण अंगाचा थरकाप झाला तो रोज तिथं उभ्या असणाऱ्या शाळेच्या पोरांच्या आठवणीनं.

त्याच दिवशी मी उरलेल्या गोळ्या मोरीत ओतल्या. करारी माणूस ना मी. बायकोला छाती काढून सांगितलं, “आजपासून बंद.” तिसऱ्या दिवशी करारी माणूस पलंगाची कड धरून बसला होता. डोळ्याला डोळा नाही, हात लटलट कापताहेत, भांडं पडलं तरी अंगावर वीज पडल्यासारखं वाटतंय. बायकोनंच नांदेडला फोन लावला. डॉक्टरबाई माझ्यावर ओरडल्या त्या फोनबाहेर ऐकू आल्या. “इतके महिने घेतलेली गोळी अशी एकदम तोडतात का? झटके येऊ शकतात. आत्ताच्या आत्ता त्यांना घेऊन या.” गेलो. त्यांनी रोजचं औषध पुन्हा सुरू केलं, गोळी आधीच्या मापावर आणली आणि एका कागदावर उतरणीचा तक्ता लिहून दिला. काही आठवड्यांनी पाव गोळी कमी, मग आणखी पाव, आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांना दाखवायचं.

कागदावर पाव लिहिणं सोपं आहे. गोळी एवढीशी, त्यात माझे हात कापरे. अडकित्त्यानं तोडली तर अर्धी गोळी फडताळामागे उडाली. विळीवर धरली तर पीठ झालं. ते पीठ बोटानं चाटून मी अंदाजे पाव घेत होतो, म्हणजे कधी अर्धी, कधी काहीच नाही. शेवटी मामांकडे गेलो आणि म्हणालो, “मामा, एखादं बारीक पातं असेल तर द्या. मुलांना प्रयोग दाखवायचाय.”

“मराठीचा परयोग?” मामांनी भिंग कपाळावर सरकवलं. “बसा सर. हात पुढं करा बघू.”

हात थरथरत होते. मामांनी ते धरून उलटेसुलटे करून पाहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “गोळी आना. अन् डाक्टरचा कागदबी आना. कागदाबिगर मी हात लावायचो न्हाई.”

मी दोन्ही आणलं. त्यांनी तो तक्ता ओळीवर बोट ठेवून वाचला, जुना दागिना पारखून घ्यावा तसा. “हिला मधी रेघ हाय,” ते म्हणाले. “तोडायची हाय असं बाईंनी सांगितलंय न्हवं? काही गोळ्या तोडायच्या नसत्यात. आख्ख्या गिळायच्या असत्यात.” बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी सोन्याला न लागलेलं एक नवं पातं काढलं, काचेची पट्टी गरम पाण्यानं धुतली आणि गोळीचे चार तुकडे केले. प्रत्येक तुकडा काट्यावर घातला. एक किंचित जड निघाला, तो पात्यानं खरवडला.

“एवढं बारीक कशाला मामा?”

“सोन्यात केसभर इकडंतिकडं झालं तर गिऱ्हाईक गल्ली डोक्यावर घेतंय,” मामा म्हणाले. “हे तर पोटात चाललंय.”

तेव्हापासून दर शनिवारी मी मामांकडे जाऊ लागलो. एका वेळी सातच दिवसांचे तुकडे, सात छोट्या घड्या करून एका गुलाबी पुडीत. जास्त मागितले तर देत नसत. पुडीवर नाव नाही. पेन्सिलीनं काढलेली एक खूण तेवढी. माझी खूण म्हणजे कमळ आहे असं मी समजत होतो आणि मनातून सुखावत होतो. चौथ्या महिन्यात कळलं की तो लाउडस्पीकरचा पोंगा आहे.

उतरण काही सरळ नव्हती. एखादा आठवडा इतका छान जायचा की मी म्हणायचो, “मामा, दोन पायऱ्या एकदम उतरू.” ते काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत आहे. आणि एखाद्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी मी गयावया करायचो, “मामा, आजच्या दिवस एक आख्खी.” तेव्हाही तेच उत्तर. एकदा मी चिडून, त्यांना नाही नाही ते बोलून निघून गेलो आणि कार्यक्रमात माझा आवाज पहिली दहा मिनिटं थरथरला. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो तर म्हणाले, “थरथरला का? थरथरू द्या की. डाग वितळताना थरथरतोयच. मंग बसतोय जागेवर.” आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

आठ महिन्यांनी डॉक्टरबाईंनी तक्त्याखाली रेघ ओढली. मी सुटलो. पुडी संपली तरी शनिवारी मामांकडे जायची सवय राहिली. मी बोलायचो, ते ऐकता ऐकता डाग लावायचे. गेल्या आठ महिन्यांत माझ्या छातीची जितकी माहिती मामांना झाली होती तितकी हृदयाच्या डॉक्टरांनाही नसेल.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका बुधवारी पहाटे मामा झोपेतच गेले. मुलगा पुण्याहून आला. गुरुवारी संध्याकाळी लोकांचे दागिने परत करायचे म्हणून त्यानं कोनाडा उघडला आणि साक्षीला मला बोलावलं. मेजाच्या खणात एक पत्र्याचा डबा निघाला. आत चार गुलाबी पुड्या.

“काका, हे काय हाय?” त्यानं विचारलं. “चांदीचा चुरा करून ठेवलाय का बाबांनी?”

मी एका नजरेत ओळखलं, आणि माझा अहंकार तिथंच जिन्याखाली गळून पडला. मला वाटत होतं, या गल्लीत असं दुखणं असलेला मी एकटाच थोर. एका पुडीवर घंटा होती, एकीवर सुई, एकीवर छत्री. चौथीवर काहीच नव्हतं. कुणाच्या, ते ठाऊक असणारा माणूस गेला होता. परवा शनिवार. शुक्रवारी रात्री या लोकांचे शेवटचे तुकडे संपणार होते. मग कुणी घाबरून आख्खी घेईल, कुणी माझ्यासारखा करारी निघेल आणि एकदम सोडून देईल. तिसरा दिवस कसा असतो ते मला माहीत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी गल्लीत शोकसभा झाली. सूत्रसंचालन माझ्याकडेच. छाती धडधडत होती, तळहात भिजले होते, खिशात काही नव्हतं. मी म्हणालो, “मामांनी माझी गोळी कापून दिली. मनाच्या आजाराची. मी तुम्हाला सांगत होतो की नांदेडला मेव्हणीकडे जातो. मी डॉक्टरकडे जात होतो.” माझ्या बायकोला बहीण नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, हे मला तेव्हा, माइकसमोर आठवलं. कुणी हसलं नाही. इतके दिवस कुणी विचारलंही नव्हतं. “आणखी कुणाच्या पुड्या माझ्याकडे आहेत. खूण सांगा आणि घेऊन जा. मी नाव विचारणार नाही, पण गोळी एकदम तोडू नका. डॉक्टरांना विचारा.”

घंटा त्याच रात्री आली. सुई शनिवारी सकाळी, छत्री दुपारी, मागच्या दारानं. कोण ते सांगणार नाही, मामांनीही सांगितलं नव्हतं. त्यांतल्या एकाची मी कीव करत आलो होतो आणि एकाचा हेवा. तिघांनाही मी गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी आणून दिली. अशी डबी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, हे मला तेव्हा कळलं. मामांना ते आधीपासून माहीत असणार.

चौथी पुडी न्यायला कुणी आलं नाही. मी रविवारपर्यंत वाट पाहिली. मग मुलाला विचारलं, त्याला काहीच माहीत नव्हतं. “बाबांना बीपीची एक गोळी होती, बाकी काय न्हाई,” तो म्हणाला. “आई गेल्यावर काही दिवस झोप येईना म्हणून कसलीतरी घ्यायचे, पण ते लई मागं.”

घरी येऊन मी ती पुडी उघडली. बाकीच्या तीन पुड्यांत सात सात घड्या होत्या. हिच्यात तीनच. शनिवार ते मंगळवार, म्हणजे मामा गेले त्या रात्रीपर्यंतच्या चार, घेऊन झालेल्या. उरलेल्या तुकड्यांतला प्रत्येक तिळाएवढा होता, माझ्या शेवटच्या तुकड्याच्या निम्मासुद्धा नाही. कडा घासून सारख्या केलेल्या.

आठ महिने आणि वर दोन, दर शनिवारी मी त्या माणसासमोर बसून माझ्या छातीचं पुराण सांगत राहिलो. तुमचं कसं चाललंय मामा, एवढं एकदाही विचारलं नाही.