अनैमुडी शमीमने पाहिली

इम्रानचा फोन आला तेव्हा मी अंगणात बाजेवर डाळ वाळत घालत होते. "मावशी, अम्मी गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?"

थट्टा नव्हती ती. गेली काही वर्षं शमीम गेली म्हटलं की पुढचा प्रश्न हाच असायचा. इम्रानने सांगितलं, पहाटेची फजरची नमाज पढून ती पुन्हा जरा पडली होती, त्याची बायको सना चहा घेऊन गेली तर उठलीच नाही. मी "बरं" म्हणाले. आईच्या मरणाची बातमी देणाऱ्या मुलाला मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली डाळ बाजेच्या कडेपर्यंत नीट पसरली. मग हात धुतले, शेजारी किल्ली दिली आणि अमरावतीहून अकोल्याची एसटी धरली. बसमध्ये माझ्या बाजूला एक बाई बसली होती, तिला नवसारीच्या मुलीचं स्थळ कसं मोडलं ते सांगायचं होतं. मी सगळं ऐकून घेतलं. मधे दोन प्रश्नही विचारले.

अकोल्याला घरात बायकांची गर्दी होती. शमीमला न्हाऊ घालून पांढऱ्या कफनात ठेवलं होतं. चेहरा तेवढा उघडा. रेल्वेत खालच्या बर्थवर झोपायची तेव्हा दिसायचा तसाच, थोडा वैतागलेला. जवळ बसलेल्या एका वयस्क बाईने मला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण. मैत्रीण म्हणायला हवं होतं, नाहीतर सोबत नोकरीला होतो म्हणायचं... पण तोंडातून आलं, "आम्ही सोबत डोंगर चढायचो." तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे, आणि माझ्यासाठी सरकून जागा केली. दुपार कलल्यावर असरच्या नमाजीनंतर पुरुषांनी जनाजा उचलला. बायका घरीच थांबल्या, मीही थांबले. कोणीतरी चहा दिला, तो प्याले. रात्री परत आले तेव्हा डाळ वाळून खडखडीत झाली होती. ती डब्यात भरली. रडू काही आलं नाही. त्याला आता कित्येक आठवडे झाले, अजून आलेलं नाही, आणि त्याची वाट पाहत बसायचं मी सोडून दिलं आहे.

शमीम आणि मी बडनेऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायचो. ती भूगोल, मी मराठी. तिचं माहेर अकोल्याचं, वडील पिंजारी. गाद्या भरून देण्याचा धंदा. घरात चोवीस तास कापूस उडायचा आणि लहानपणी आपल्या भुवया कायम पांढऱ्या असायच्या असं ती सांगायची. नवरा सलीमभाई रेल्वेत गार्ड होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून हिंडलेला तो माणूस, सुट्टी मिळाली की घराच्या उंबऱ्याबाहेर पाय ठेवायचा नाही. शमीमने कुठे जाऊ म्हटलं की ते म्हणायचे, "मैं रोज जाता हूँ, तू पूछ ले मेरे से." त्यामुळे रेल्वेचे पास असूनही तिने नागपूर आणि भुसावळ यांच्या पलीकडचं फारसं काही पाहिलं नव्हतं.

माझा वर्ग तिच्या वर्गाला लागून होता. मधली भिंत पातळ. वर्षातून एकदा पलीकडून सुरात पाठ सुरू व्हायचा... महाराष्ट्र कळसूबाई, मध्य प्रदेश धूपगड, राजस्थान गुरुशिखर, तमिळनाडू दोड्डाबेट्टा, केरळ अनैमुडी. कोणत्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, ते मला त्या भिंतीमुळेच पाठ झालं. आमच्या मुलींनी डोंगर म्हणून फक्त चिखलदरा पाहिलेला, तोही सहल गेली तर. बाकी डोळ्यांपुढे सगळी सपाट काळी जमीन. शमीम निवृत्त व्हायच्या वर्षी एका मुलीने तिला वर्गात विचारलं, मॅडम, यातल्या कोणत्या शिखरावर तुम्ही गेल्या. शमीम म्हणाली, "एकावरही नाही बेटा." त्यावर वर्ग हसला नाही, मुलगी ओशाळली नाही, तास संपला. पण स्टाफरूममध्ये येऊन ती माझ्यासमोर बसली आणि डबा न उघडता म्हणाली, "निर्मला, मी इतकी वर्सं काय शिकवून राहिली?" मी काहीतरी समजुतीचं बोलले. तिने ऐकलं नाही.

पुढे सलीमभाई अचानक गेले. नवऱ्यामागे पाळायचे इद्दतचे दिवस संपल्यावर काही महिन्यांनी ती माझ्याकडे आली आणि कळसूबाईला चालतेस का म्हणून विचारलं. मीही तोवर निवृत्त झाले होते, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, यजमान पूर्वीच गेलेले. तिला रेल्वेचा विधवेचा पास मिळायचा, मी माझं तिकीट काढायचे. बर्फातली शिखरं तिने पहिल्याच दिवशी वगळली. "ते पोराईले राहू दे," म्हणाली. "आपल्याले जिथं सलवार आन् लुगडं जाते, तिथं जाऊ."

कळसूबाईला आम्ही पहाटे बारी गावातून निघालो आणि माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. लोखंडी शिड्यांवर मी दोनदा परत फिरायच्या बेतात होते. ती पुढे चढत होती आणि वरून मला मोठ्याने पाढे म्हणायला लावत होती. पाढे म्हणताना माणसाला भीती वाटत नाही म्हणे. माथ्यावर देवीच्या देवळापाशी गावातल्या बायका आल्या होत्या. त्यांनी आम्हाला नारळाचा प्रसाद दिला आणि शमीमला विचारलं, कोणाचा नवस फेडायला आलात. तिने प्रसाद ओढणीच्या टोकाला बांधला. मग म्हणाली, "माह्या शाळेच्या पोरीईचा." बायकांना ते पटलं. मग शमीमने देवळाच्या पायथ्याशी वाकून खडकावर पालथा तळवा टेकवला, तापलेल्या तव्याचा अंदाज घ्यावा तसा. फोटो तिने कधीच काढला नाही. प्रत्येक शिखरावर तेवढंच करायची. पण आधी तिथल्या माणसाला विचारून घ्यायची, सगळ्यात उंच जागा हीच ना. दोड्डाबेट्टाला एका स्वेटर विकणाऱ्याला विचारलं तर त्याने दुर्बिणीच्या इमारतीकडे बोट दाखवलं. ती तिथल्या फरशीवर हात टेकवायला तयार नव्हती, फरशी माणसाने बसवलेली आहे म्हणून. फरशीच्या कडेची माती सापडेपर्यंत आम्ही गर्दीतून हिंडलो. मला लाज वाटत होती. तिला नव्हती.

धूपगडला जिप्सीने गेलो, गुरुशिखराला गाडीने आणि पुढे थोड्या पायऱ्या. गुजरातचं राहिलं होतं, म्हणून गिरनारला गेलो. त्या दिवशी वाऱ्यामुळे रोपवे बंद होता. पायथ्याशी डोलीवाल्यांचा काटा असतो, माणसाचं वजन करून भाव ठरवतात. शमीम हौसेने काट्यावर बसली, आणि खाली उतरून ओढणीने डोळे पुसत हसायला लागली. "कापसासारखं तोलून राहिले मले... अब्बांनी पाह्यलं असतं तर." डोली अर्थातच घेतली नाही. अर्ध्यावर गेल्यावर ती दर थोड्या पायऱ्यांनी बसायला लागली. मला वाटलं, गुडघे असतील. मग पाणी देताना तिच्या ओठांकडे लक्ष गेलं, ते जांभळट पडले होते. एक रिकामी डोली खाली उतरत होती, ती मी थांबवली. तिने वाद घातला नाही तेव्हा मला कळलं की हे काही साधं नाही. खाली चल म्हटलं तर मान हलवून वर बोट दाखवलं. डोलीवाले तिला घेऊन पुढे, मी मागे. चढावर मला तिचा चेहरा दिसत नव्हता. दोन खांद्यांच्या मधे झुलणारी ती लहानशी खुर्ची आणि तिच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. गिरनारच्या सगळ्यात उंच, गोरखनाथाच्या शिखरावर तिने हात टेकवला आणि मला म्हणाली, "इम्रानले सांगू नको." पण घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने स्वतःच त्याला सांगितलं. तिच्या पोटात काही राहायचं नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप अरुंद झाल्याचं सांगितलं. ऑपरेशन करावं लागेल, तोवर चढणं पूर्ण बंद. इम्रानचं औषधांचं दुकान आहे, त्याला यातलं कळतं. तो तिला बडनेऱ्याचं घर बंद करून अकोल्याला घेऊन गेला. तिने ऐकलं, गोळ्या घेऊ लागली, नातवाचा अभ्यास घेऊ लागली. आणि मग म्हणाली, ऑपरेशन करू, पण त्याआधी मला केरळला जायचं आहे. इम्रानने मला फोन केला. पहिल्यांदाच तो माझ्यावर रागावून बोलला. मावशी, तुम्हीच तिला हे वेड लावलं, आता तुम्हीच समजवा, म्हणाला. वेड कोणी कोणाला लावलं हा वाद मी बाजूला ठेवला. अकोल्याला गेले. आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. शमीम मुलाला म्हणाली, "अरे, अनैमुडीवर सरकारच कोणाले चढू देत नाही. जंगलखात्याचं आहे ते. खालून पाह्यचं न् परत यायचं. मी चढतो म्हटलं तरी शिपाई धरून आणीन मले." ती गंभीरपणे बोलत होती. इम्रानने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्याला हसू आलं आणि तिथेच तो हरला.

मुन्नारला पोचेपर्यंत आम्ही दोघी दमून गेलो. जंगलखात्याची बस वर नेऊन सोडते, पुढे थोडा डांबरी रस्ता चालायचा. पहिल्या दिवशी धुक्यात हातभर पुढचंही दिसेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ती रस्त्याच्या कडेला बाकावर बसली, शाल पांघरून, ज्या बाजूला शिखर आहे असं तिथल्या रखवालदाराने सांगितलं होतं तिकडे तोंड करून. बराच वेळ पांढरं ते पांढरंच. मी चहा आणायला बसच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे रांग होती. दोन कप सांभाळत परत आले तेव्हाही समोर धुकंच होतं, पण ती बसलेली होती तिथून उभी राहिली होती.

"दिसला," ती म्हणाली.

मी कप बाकावर ठेवून पाहिलं. काही नव्हतं. कसा होता डोंगर, विचारलं. ती शब्द शोधत राहिली. मुलींना अख्खा देश फळ्यावर काढून दाखवणारी ही बाई... "उंच नाही वाटत," शेवटी म्हणाली. "बसलेला वाटते. निवांत." आम्ही बस सुटेपर्यंत थांबलो. धुकं हललं नाही. परतताना तिला माझं वाईट वाटत होतं, मला तिच्यासाठी बरं वाटत होतं. ऑपरेशन झालं की पुन्हा येऊ, तुला दाखवते, असं ती गाडीत दोनदा म्हणाली. तिथे हात टेकवला की नाही, हे मी विचारलंच नाही. बहुधा नसेल, ते शिखर नव्हतं ना.

ऑपरेशनची तारीख मिळाली होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात ती सकाळ आली.

परवा अकोल्याला गेले. इम्रान दुकानात होता, सना घरी होती. ती बोलवत होती, तिच्या बोलावण्याला किती दिवस नाही म्हणायचं. तिने शमीमची खोली दाखवली. पलंगावर आता नातू झोपतो, भिंतीला क्रिकेटवाल्यांची चित्रं लागली आहेत. मला बरंच वाटलं. मग सना म्हणाली, वाळवणं वर आहेत, आणते, आणि मी तिच्या मागे गच्चीच्या जिन्याला लागले. जिना मधे वळतो, तिथे कोपऱ्यात एक निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. तिने अर्धी वाट अडवली होती. सना सवयीने अंग चोरून तिच्या कडेने वर गेली. वर जाऊन तिने सांगितलं, अम्मी रोज संध्याकाळी गच्चीवर जायच्या, डॉक्टर नाही म्हणाले तरी. एका दमात जमायचं नाही म्हणून ही खुर्ची त्यांनीच आणून ठेवली. तिथं बसायच्या, दम खायच्या, मग उरलेल्या पायऱ्या. हे मला ठाऊक नव्हतं. फोनवर ती मला कधी बोलली नव्हती.

"हलवली नाही?" मी खालूनच विचारलं.

"इम्रान म्हणते, राहू दे," सना वरून म्हणाली. "आमाले सवय झाली, मावशी. आडवं होऊन जातो."

मी खुर्चीवर बसले. तिथून काहीच दिसत नाही. समोर चुन्याची भिंत, वर गच्चीच्या दाराएवढा उजेड, खाली स्वयंपाकघरातल्या कुकरचा आवाज. हाताशी भिंतीवर एक डाग होता, डोकं टेकून टेकून तेलकट झालेला, माझ्या डोक्यापेक्षा थोडा खाली. शमीम माझ्यापेक्षा बुटकी होती. मी जरा घसरून बसले आणि तिथे डोकं टेकवलं. सनाने वरून विचारलं, येता का मावशी, वारा छान आहे. मी म्हणाले, येते, जरा बसते.