हौसराव आप्पांच्या टिपरवरचा पोपट

यवतला हायवेलगत जॉयचं पेंटरचं दुकान आहे. तिशी उलटली तरी पठ्ठ्याचं लग्नाकडे लक्ष नाही. दिवसभर टिपरच्या मागच्या फाळक्यांवर मोर-गरुड रंगवायचे आणि हात रिकामा झाला की कॉमिक काढायचं. कॉमिकमध्ये दोघं आहेत. घणवाला नदीवर जाऊन वाळूचोरांचे टिपर फोडतो. कंदीलवाली कशाला हात लावत नाही. चोरांवर उजेड पाडते आणि गाव जागं करते. शत्रू एकच, पण दोघांचं क्षणभर पटत नाही.

“तू उजेड पाडेपर्यंत नदी संपेल,” तो म्हणतो.

“आणि तू एक फोडलास की उद्या दोन येतील,” ती म्हणते.

जॉयची आई सुलक्षणा बी.ए. झालेली, पण काळजी करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. चर्चमध्ये हंगामाचा सण आला होता. त्या दिवशी ज्याने त्याने आपल्या हातचं पहिलं पीक आणायचं आणि आवारात त्याचा लिलाव करायचा. शेत नाही म्हणून जॉयने पहिलं कॉमिकच द्यायचं ठरवलं. आदल्या दिवशी सुलक्षणा दुकानात बसून ते वाचू लागली आणि एका चित्रावर तिचं बोट थांबलं. चोराच्या टिपरवर पोपट होता. चोचीत लाल मिरची, एक पाय उचललेला.

“जॉय, हा तर हौसराव आप्पांच्या गाडीवरचा पोपट.”

जॉयने पान आपल्याकडे वळवलं. “मुद्दाम नाही गं काढला. टिपर काढला की हात आपसूक तिकडे जातो.”

“अख्खा हायवे ओळखतो त्याला. मोर कर.”

“मोर विक्रमच्या गाडीवर आहे.”

“मग गरुड.”

“तो शंभूच्या.”

“मग काहीच नको काढूस,” ती म्हणाली. तेवढ्यात दारात टिपर थांबला आणि रात्री नदीतली वाळू उपसणारे हौसराव आप्पा स्वतः आत आले. ती पुस्तक लपवणार, तोवर त्यांनी ते उचललंही. बोटाला थुंकी लावत सावकाश पानं उलटली.

“हे माझं पाखरू न्हवं का?”

“व्हय, आप्पा,” जॉय म्हणाला.

“चुकून झालंय,” सुलक्षणा घाईने म्हणाली. “पुसून टाकेल तो.”

“ह्या दोघांत जिंकतं कोण?”

“ठरलं न्हाई अजून,” जॉय म्हणाला. “भांडत्यात.”

“घणवाल्याला माझी पोरं आवरत्याल. ही कंदीलवाली अवघड हाय.” त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. “गाडीवरचा पोपट घासून काढ. आत्ताच.”

“आन् पुस्तकातला?”

“ऱ्हाऊ दे की. माझ्या गाडीवर पोपटच न्हाई, तर ती गाडी माझी कशी?”

जॉयने पॉलिशपेपर घेतला. आप्पा केबिनमध्ये बसून फोनवर बोलत राहिले. पोपट गेला, मिरची गेली. आप्पांनी मागे वळून न बघता गाडी सोडली.

सुलक्षणा दारात उभी होती. उन्हाने फाळक्याचा निळा रंग पार उडाला होता. पोपटाखालचा मात्र झाकलेला, म्हणून ताजा राहिला होता. आता फिकट फाळक्यावर गडद निळा पोपट उठून दिसत होता, एक पाय उचललेला.

“हाक मारू का आप्पांना?” जॉयने विचारलं.

टिपर कासुर्डीच्या दिशेने दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

“नको,” ती म्हणाली, आणि चर्चला न्यायच्या पिशवीत तिने ते पुस्तक परसातल्या मेथीच्या जुडीवर नीट आडवं ठेवलं.