न उघडणारे लेख

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोल्या संपल्या की ग्रंथालय लागायचं. तिथल्या ग्रंथपालबाईंना सगळे शोधबाई म्हणत. कुठल्याही आजारावर जगात कुणी काय लिहिलंय, ते ऑनलाइन संशोधन-संग्रहातून काढून देणं हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं तेच. हाडांचे डॉक्टर म्हणायचे, सगळं देवाला ठाऊक आणि शोधबाईंना. त्यातल्या त्यात बाई लवकर उत्तर देतात. बाई हसायच्या आणि मनात देवाची क्षमा मागायच्या.

डॉक्टर मंडळींच्या नाकावर राग. यादीत लेख दिसला आणि उघडला नाही, की बाईंवर डाफरायची. म्हणून बाईंनी शोधपानावरच्या एका चौकटीत कायमची टिक करून ठेवली होती : पूर्ण लेख उघडतो तेवढेच दाखवा. कटकट मिटली.

मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरच्या मुलाला झटके यायचे. आजार दुर्मिळ, औषध लागू पडेना. बाईंनी त्या आजाराचा शोध संग्रहात साठवून दिला. दर सोमवारी यादी आपणहून यायची. ड्यूटी संपली की सिस्टर मुलाला घेऊन खाली उतरायची. नवीन काही नसे. मुलगा खुर्चीवर गुडघे टेकून पडद्यात डोकवायचा आणि विचारायचा, "बाई, नीट शोधलंत ना?" नऊ वर्षांचा होऊन तो गेला.

त्याला दोन वर्षं झाली. सोमवारची यादी बंद करायला बाईंचा हात धजेना. मूल गेलं, त्याच्या आजाराचा शोध चालूच. भर दुपारी, खोलीत चिटपाखरू नसताना, पाठीमागे खुर्ची सरकल्यासारखं वाटायचं. बाई वळून बघत नसत. ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत आणि काम पुढे रेटत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, फरशी उंचसखल असेल.

एका सोमवारी नेहमीचं शोधपान दुरुस्तीसाठी बंद होतं. सूचनेत दुसऱ्या वाटा दिल्या होत्या : जुन्या पानावरून या, लेखकाच्या नावानं शोधा, लेख उघडत नसेल तर लेखकाला लिहा किंवा दुसऱ्या ग्रंथालयातून मागवा. बाई जुन्या पानावरून शिरल्या आणि सवयीनं आधी तोच आजार टाकला. त्याचे चौदा लेख त्यांना तोंडपाठ होते. आले पंधरा.

पंधरावा सहा वर्षांपूर्वीचा. नुसता सारांश, पूर्ण लेख उघडत नव्हता. नऊ मुलं, एक जुनं साधं औषध, सात जणांचे झटके थांबलेले. बाईंनी नेहमीची चौकट शोधली. या पानावर ती टिक नव्हती.

गप्प बसता आलं असतं. गेलेलं पोर थोडंच परत येणार होतं? पण गेल्याच महिन्यात सिस्टरच्या भाचीला, भावाच्या मुलीला, तोच आजार निघाला होता. औषध सांगायचं तर लेख दाखवायचा, आणि लेखावर तारीख होती. परस्पर डॉक्टरांना द्यावा, असंही मनात येऊन गेलं. बाईंनी लेखकाला पत्र धाडलं, दुसऱ्या ग्रंथालयाकडे मागणी केली, देवाला हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी सिस्टरला खाली बोलावलं.

सिस्टरनं सारांश वाचला. औषधाच्या नावाखाली नखानं रेघ ओढली. मग वर तारखेपाशी गेली.

"तेव्हा पाच वर्षांचा होता तो."

बाईंनी चौकटीतल्या टिकचं सगळं सांगितलं. डॉक्टर डाफरायचे, हे मात्र जिभेवर आलेलं गिळलं.

"दाखवा मला."

नेहमीचं पान एव्हाना सुरू झालं होतं. बाईंनी टिक लावली : चौदा. काढली : पंधरा.

"परत."

चौदा. पंधरा.

"परत."

असं पाच-सहा वेळा झालं. सिस्टर वाचत नव्हती. आजाऱ्याच्या उशाशी बसून छाती वरखाली होतेय का ते बघावं, तशी त्या एका ओळीचं जाणं-येणं बघत होती.

"भावाला मी सांगते," शेवटी ती म्हणाली. "लेख तुम्ही मागवा. आणि आमच्या घरी तारखेचं बोलू नका."

लेख अकराव्या दिवशी आला. डॉक्टरांनी पारखून औषध सुरू केलं. भाचीचे झटके कमी झाल्याचं बाईंना दुसऱ्याच कुणाकडून कळलं. सिस्टर जिन्यात भेटली तर मान हलवते, थांबत नाही.

एकोणीस वर्षांत कुणाला काय शोधून दिलं, त्याच्या वह्या बाईंनी कपाटातून काढल्या आहेत. रोज पाच जुने प्रश्न टिक न लावता पुन्हा शोधतात. कुणी विचारलं तर म्हणतात, रिकामा वेळ आहे. काल पाचांपैकी दोन प्रश्नांत ओळी जास्त निघाल्या. बाईंनी वहीत कुणाकुणाचे प्रश्न होते ते पाहिलं आणि त्यातल्या पहिल्या डॉक्टरांना फोन लावला.