बर्फाच्या पाण्यातलं भजनी मंडळ

चहा ओतून घ्या आणि नीट बसा, कारण ही फजिती उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. तुम्ही मला दुखण्यावरची तज्ज्ञ म्हणून ओळखता. बरोबर आहे. माणसाला किती दुखतं, का दुखतं आणि ते मोजायचं कसं, यावरच माझा सगळा जन्म गेला. बरेच शोधनिबंध छापून आले. पण त्यातला पहिला कसा छापून आला, हे ऐकलंत तर उद्यापासून गुडघा दुखला तरी मला फोन करणार नाही.

तेव्हा मी नागपूरहून बेंगळुरूला नुकतीच आले होते. एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र विभागात नवी नोकरी. राहायला बसवनगुडीत, वरचा मजला. खाली घरमालकीण गिरिजाअक्का. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण निम्मं कन्नडात भिजलेलं. पहिल्याच दिवशी जिन्यात म्हणाल्या, "स्वल्प थांब ग, सारू घेऊन जा." मला 'थांब' आणि 'घेऊन जा' एवढंच कळलं. थांबले, आणि वाटीभर गरम सारू, म्हणजे पातळ तिखट आमटी, मिळालं. तेव्हापासून अक्का म्हणतील तिथे थांबायचं, असं ठरवून टाकलं.

माझं काम तसं सोपं होतं. बादलीत बर्फाचं पाणी. त्यात मनगटापर्यंत हात घालायचा. दुखायला लागलं की सांगायचं, सहन होईनासं झालं की हात काढायचा. इजा होऊ नये म्हणून एक वेळ ठरलेली, ती झाली की आम्हीच थांबवायचो. पण तिथवर पोचतो कोण? आमचे व्यायामशाळेत जाणारे विद्यार्थीसुद्धा तोंडं वेडीवाकडी करून आधीच हात काढायचे.

मला साठीच्या पुढच्या धडधाकट बायका हव्या होत्या. काही कॉलेजातल्या ओळखीतून मिळाल्या. त्यांनीही इतरांसारखेच झटपट हात काढले. आणखी हव्या होत्या म्हणून अक्कांना विचारलं.

"आमचं भजनी मंडळ आहे की," त्या म्हणाल्या. "सगळ्या साठीपुढच्या. घेऊन येते."

ठरल्या दिवशी तीन रिक्षांतून आठ जणी उतरल्या. रेशमी साड्या, डोक्यात मोगरा. मी अक्कांना बाजूला घेऊन विचारलं, हे काय?

"तूच म्हणालीस ना प्रयोग आहे? मग नटून यायला नको?"

पहिला नंबर अक्कांचा. हात बादलीत गेला. थोड्या वेळाने मी विचारलं, "अक्का, कसं वाटतंय?"

"सरी."

सरी म्हणजे ठीक, एवढं कन्नड मला रिक्षावाल्यांनी शिकवलं होतं. मी कागदावर लिहिलं, 'त्रास नाही'. आणखी थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा सरी.

"दहापैकी किती दुखतंय, आकडा सांगा."

"तुला किती हवाय?"

"तसं नसतं अक्का. तुम्हाला वाटेल तो."

"मग एक लिही."

ठरलेली वेळ संपली. मीच त्यांचा हात बाहेर काढला. बिटासारखा लाल झाला होता, पण चेहरा देवळात बसल्यासारखा शांत. मग दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. आठच्या आठ जणी शेवटपर्यंत टिकल्या. एकीने तर हात बर्फात ठेवून मला अननसाच्या गोज्जूची पूर्ण कृती सांगितली, फोडणीसकट.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मला वाटलं, शोध लागला. दोन्हीकडच्या बायका एका वयाच्या, फरक फक्त भजनाचा. म्हणजे रोज एकत्र गायल्याने माणसाची सोसण्याची ताकद वाढते. मी धावत विभागप्रमुखांकडे गेले. ते मोजकं बोलणारे कन्नड गृहस्थ. तक्ता बघून म्हणाले, "आठच्या आठ? माणसं इतकी सारखी नसतात, मेधा. एकदा विचारून बघ त्यांना."

"विचारलं ना सर. प्रत्येकीला चार-चार वेळा."

"पुन्हा विचार."

मी मनात म्हटलं, हे जळतात. पुन्हा काही विचारलं नाही. निबंध लिहिला आणि शिष्टाचार म्हणून त्यांचंही नाव घातलं. त्यांनी पेन घेऊन ते खोडलं. "हे तुझं काम आहे. श्रेय तुलाच राहू दे." केवढा हा मोठेपणा, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

निबंध छापून आला आणि पुढे तो माझ्या हातात राहिला नाही. एका स्थानिक वर्तमानपत्राने बातमी केली, 'भजन करा, वेदना विसरा'. बनशंकरीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या पेशंटसाठी टाळ आणून ठेवले. नागपूरला माझ्या आईने निबंधाच्या झेरॉक्स काढून सगळ्या गल्लीत वाटल्या. गल्लीत इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून तिने माझ्या नावाखाली रेघ मारली होती.

मग इथल्या मराठी मंडळींनी व्याख्यान ठेवलं. प्रात्यक्षिकासह. हॉल भरलेला, मंचावर खुर्चीत अक्का, शेजारी बर्फाची बादली. मी घसा साफ करून सांगत होते, "आता यांच्या चेहऱ्याकडे बघा. वेदनेचा लवलेश तरी दिसतो का?"

पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली. अक्कांची शाळेतली मैत्रीण. तिने सरळ विचारलं, "गिरिजा, खरंच दुखत नाही का ग?"

"दुखत नाही कसं?" अक्का माईकमध्ये म्हणाल्या. "बोटं तुटून पडतायत."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "अक्का, मग हात काढा ना."

"काढू? झाली का तुझी परीक्षा?"

"माझी परीक्षा?"

"मग कुणाची? त्या दिवशी निघतानाच मी सगळ्यांना बजावलं होतं, पोर एकटी राहते, आई तिकडे लांब. आज तिची परीक्षा आहे. जी हात आधी काढेल, ती तिला नापास करेल."

"पण मी विचारलं तेव्हा तुम्ही सरी म्हणालात."

"आणि काय म्हणणार? नवऱ्याने विचारलं, सुनेने विचारलं, डॉक्टरने विचारलं, तरी आम्ही सरीच म्हणतो."

"अहो, मी सांगितलं होतं, सहन होईल तेवढाच वेळ."

"सहन काय ग, सगळंच होतं," अक्का शांतपणे म्हणाल्या. "दुखतं की नाही, ते तू वेगळं विचारायला हवं होतंस."

लोक हसले. पोट धरून हसले. मी टॉवेलमध्ये त्यांचा हात गुंडाळत होते आणि दुसऱ्या हाताने त्या माझी पाठ थोपटत होत्या. दुखण्याचा अभ्यास करणारी मी, आणि समोर बसलेल्या बाईचा हात माझ्यामुळे दुखला होता. दोनदा.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले. "सर, पुन्हा विचारलं."

"मग?"

"दुखत होतं."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "संपादकांना पत्र लिही. आत्ताच."

"नोकरी जाईल का सर?"

"चुकलीस म्हणून नाही जाणार. हे पत्र नाही लिहिलंस, तर मी बघेन."

निबंध मागे घेतला. अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांचाच चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "परत येऊ का आम्ही? या वेळी लवकर काढतो हात. किती वेळाने काढायचा ते तेवढं आधी सांगून ठेव."

एक मात्र झालं. त्या दिवसापासून मी बादली सोडली आणि वॉर्डात बायकांच्या कॉटशेजारी जाऊन बसायला लागले. दुखत असताना माणूस 'ठीक आहे' का म्हणतो, आणि त्याला कसं विचारलं की तो खरं सांगतो, यावर पुढची सगळी वर्षं गेली. ते काम खरंच चांगलं झालं, असं मला वाटतं. त्याबद्दल दोन-चार ठिकाणी शालही मिळाली.

अलीकडेच हेब्बाळच्या एका हॉटेलात परिषद होती. माझं भाषण झालं आणि एक तरुण प्राध्यापिका गर्दीतून वाट काढत आली. म्हणाली, "मॅडम, तुमचा निबंध मी दरवर्षी शिकवते."

मी पदर सारखा केला. "कोणता ग? वॉर्डातल्या बायकांवरचा?"

"तो नाही वाचलेला मॅडम. भजनाचा. पहिल्याच तासाला घेते. 'संशोधन कसं करू नये' म्हणून."

आणि तिने तो पिशवीतून काढून माझ्यापुढे धरला. सही हवी होती. प्रत्येक पानावर लाल अक्षरांत 'मागे घेतला' असं आडवं छापलेलं. त्यामुळे सही करायला मोकळी जागा शोधण्यातच माझा सगळा जेवणाचा वेळ गेला.