नांदूरघाटातला बुधवारचा उपास

नगरच्या बसस्थानकावर कड्याची गाडी लागली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, किलोभर भगर आणि शेंदेलोणाचा (सैंधव मिठाचा) पुडा होता. भगर आणि मीठ सुनीतानं मागवलेलं. सुनीता माझी नर्सिंगच्या शिक्षणापासूनची मैत्रीण, गेली कित्येक वर्षं बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटला आरोग्यसेविका आहे. फोनवर मी म्हटलं, "अगं, तुमच्याकडे भगर मिळत नाही होय? अख्खा जिल्हा एकादशीला तीच खातो." तर म्हणाली, "मिळती की. पण इथल्या दुकानात घेतली तर सांजच्याला गावभर होईल. तू आण. कावून, कशापायी, ते आल्यावर सांगते." मला कोडी आवडत नाहीत. पण सुनीता उगाच काही करत नाही हे ठाऊक होतं, आणि भगर काही फार जड नसते.

शिवाय मला जायचंच होतं. नांदूरघाटच्या बायकांची एक भिशी आहे, पैशाची नव्हे, पदार्थांची. महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं. घरच्या बाईनं एक पातळ (आमटी, सार, कढण, जे वाटीनं पिता येईल ते) आणि एक गोड करायचं, कृती सांगायची, आणि सगळ्यांनी बसून खायचं. या महिन्यात पाळी सुनीताची होती. खाण्यात आणि खाण्यावर बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, तेव्हा मी आमंत्रणाची वाट बघितली नाही.

कड्याला उतरले ती शमीमभाभींसाठी. सुनीताची पहिली नेमणूक कड्याला होती, तेव्हाच्या या शेजारीण. त्यांच्या मालकांचा फळांचा गाडा आहे. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता असा भरलेला की पलीकडे जाईपर्यंत माझ्या चपलांचा रंग बदलला. घरात शिरले तर सकाळपासून चुलीवर ठेवलेल्या पायांचा (बोकडाच्या पायांच्या सुपाचा) वास. मी झाकण उचलायला गेले, भाभींनी हातावर चापट मारली.

"जल्दी न्हाई करायची बाजी. पाये घाई करणाऱ्याला दगा देतात."

काळी मिरी, लवंग, आलं-लसूण आणि मंद आच, एवढीच त्यांची कृती. मी तीन वाट्या प्यायले आणि चौथीला नको म्हटलं ते केवळ पाहुणी म्हणून. मग सीताफळाची खीर आली. हंगाम संपत आलेला, शेवटची फळं गाड्यावरून घरी आलेली. "दूध आटवायचं, पुरतं गार होऊ द्यायचं, मंगच गर घालायचा. गरम दुधात टाकला की नासतंय, मंग बसा रडत," असं भाभींनी बजावलं. मी घरी याच चुकीपायी दोनदा दूध घालवलं होतं, पण ते बोलले नाही.

निघताना सुनीताचा विषय निघाला. भाभी म्हणाल्या, "सुनीताबाजी इथं होत्या तवा ईदला त्या माझ्याकडं अन् जयंतीला मी त्यांच्याकडं. गल्लीतल्या बाकी बाया यायच्या, बसायच्या, गप्पा मारायच्या. खायला दिलं की उपास. त्यांच्याकडं बी उपास, माझ्याकडं बी उपास." मग पदर सावरत म्हणाल्या, "इतके उपास करून बी एक बाई बारीक झाली न्हाई बघा."

मी हसत हसत गाडीत बसले. वाटेत मात्र ते हसू जरा कडवट झालं.

शिरूर कासारला गाडी बदलली. गावातली कितीतरी दारं कुलपात, माणसं ऊसतोडीला गेलेली. स्टँडवर शेजारी बसलेली बाई यंदा मुलीच्या बारावीसाठी मागं राहिली होती. माझ्या चौकशांना कंटाळण्याऐवजी तिनं मला हुलग्याचं माडगं समजावून सांगितलं: हुलगे भाजून दळायचे, पीठ पाण्यात शिजवायचं, गूळ आणि मीठ घालायचं. फडावर (ऊसतोडीच्या रानात) थंडीच्या सकाळी पोटाला तेवढंच ऊन मिळतं. मी विचारलं, "हे पातळ म्हणायचं की गोड?"

"दोनी बी तेच," ती म्हणाली. "दोन भांडी घासायची कुनी?"

बीडमार्गे नांदूरघाटला पोचले तेव्हा सुनीता ओसरीवर उभी होती. मिठी मारायच्या आधी तिनं माझी पिशवी घेतली आणि भगरीवर पदर टाकून आत नेली. चहा झाल्यावर मात्र तिनं सगळं सांगितलं.

मागच्या वर्षी तिची पाळी आली तेव्हा तिनं येसर आमटी (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी) आणि गव्हाची खीर केली होती. सगळ्या आल्या, कृती मोबाइलवर घेतली, वास छान आलाय म्हणाल्या. वाढायला उठली तर गोदाकाकूंचा उपास. गोदाकाकू म्हणजे भिशीच्या मुखत्यार. त्यांचा उपास म्हटल्यावर एकीला चतुर्थी आठवली, एकीला नवस, आणि एकीचा म्हणे गुरुवार बुधवारीच सुरू होतो.

"पंचांगात जे कधी एका दिवशी आलं न्हाई, ते माझ्या ओसरीवर आलतं," सुनीता म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सगळं गाईला घातलं."

सुनीताचं घर बौद्ध. गावात सगळ्यांना ते माहीत, आणि त्यावर बोलायचं नाही हेही सगळ्यांना माहीत. याच गोदाकाकूंची सून बाळंतपणात अडली तेव्हा केजच्या दवाखान्यापर्यंत गाडीत तिचा हात धरून बसली होती ती सुनीता. गावातल्या निम्म्या पोरांना पहिली सुई हिनंच टोचलेली.

"माझ्या हातचं इंजेक्शन चालतंय," ती म्हणाली, "माझ्या हातची आमटी चालत न्हाई. पुढच्या वर्षी मी रिटायर व्हते, शैला. इथं घर बांधलंय, इथंच ऱ्हायचंय. मग नुस्ती सिस्टर म्हनून न्हाई ऱ्हाता यायचं. या बारीला बी कुनी खाल्लं न्हाई तर भिशी सोडायची, घर विकायचं अन् लेकीकडं पुण्याला जायचं. ठरलंय माझं."

मी तावातावानं म्हटलं, "मी बोलते त्यांच्याशी. चांगली खरडपट्टी काढते."

"तू एक अक्षर बोलायचं न्हाईस," ती म्हणाली. "मी उपासाचंच करनार हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शेंगदाण्याची आमटी, भगर आणि रताळ्याची खीर! दोन महिन्यांपूर्वी तिनं या कृती माझ्याकडून फोनवर बारीकसारीक विचारून घेतल्या होत्या आणि मी मूर्खासारखी समजले होते की हिला पित्त झालंय.

बुधवारी सकाळी आम्ही लागलो कामाला. दाणे भाजले, हिरव्या मिरच्या आणि जिऱ्याबरोबर वाटले, तुपात जिरं तडतडलं, सुनीतानं वाटण ओतलं, आणि तिचा हात सवयीनं हळदीच्या डब्याकडे गेला. मी "अगं अगं" करेपर्यंत चमचाभर हळद पातेल्यात. उपासाच्या पदार्थाला हळद चालत नाही. ज्या घरानं दीक्षा घेतल्यापासून कधी उपास धरला नाही, त्या घरातल्या हाताला हे कुठून माहीत असणार? आमटी पिवळीधम्मक झाली. सुनीता मटकन खाली बसली. रडेल असं वाटलं, पण तिला हसू फुटलं आणि मग मलाही. ती आमटी आम्ही दोघींनी भाकरी चुरून खाल्ली आणि पुन्हा दाणे भाजायला घेतले. हळदीचा डबा मी माळ्यावर टाकला.

दुपारी बायका आल्या. सुनीतानं कृती सांगितली: चिंचेचा कोळ किती, गूळ किती, रताळी तुपात परतून मगच दूध कसं घालायचं. पुढ्यात मोबाइल धरलेले, माना हलतायत. मी कोपऱ्यात ओठ मिटून बसले होते, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की हे काम सोपं नव्हतं. मग सुनीता वाट्या घेऊन आली.

गोदाकाकूंनी हात वर केला. "मला नगं सिस्टर. आज उपास हाय माझा."

"माझा बी हाय," शेजारची म्हणाली. तिसरीनं नुसती मान हलवली.

"ठावं हाय काकू," सुनीता म्हणाली. "म्हनून तर सगळं उपासाचंच केलंय."

गोदाकाकूंनी वाटीत वाकून बघितलं.

"हळद?"

"उपासाला हळद चालती का काकू?" हे तिनं इतक्या शांतपणे विचारलं की मला पदर तोंडात धरावा लागला.

"मीठ कंचं?"

"शेंदेलोण."

"अन् तूप? इकतच्या तुपाचं मला सोसत न्हाई."

"तुमच्याच म्हशीचं हाय. परवा तुमच्या सूनबाईकडून आनलंय."

आता एकही दार उघडं राहिलं नव्हतं. एक बाई उठली, पाहुणे यायचेत म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. तिला कुणी थांबवलं नाही. बाकीच्या गोदाकाकूंकडे बघत होत्या, आणि गोदाकाकू जमिनीकडे. सुनीता वाटी पुढं धरून उभी होती. माझा जीव त्या वाटीत अडकला होता.

"सिस्टर," गोदाकाकू शेवटी म्हणाल्या, "तुमी आमाला चांगलं कोंडीत धरलं."

"व्हय काकू."

"कावून?"

"मला इथं ऱ्हायचंय म्हनून."

गोदाकाकूंनी वर बघितलं. मग "आना हिकडं" म्हणून वाटी घेतली, भगरीवर आमटी ओतली आणि खाऊ लागल्या. अर्धी वाटी झाल्यावर म्हणाल्या, "भगर गिच्च झालीया. पानी जास्त पडलं तुमचं." भगर मी शिजवली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकाची नालस्ती ऐकून मला इतका आनंद झाला. शेजारचीनं वाटी घेतली, तिसरीनंही. त्यांतल्या एकीचा खरोखरच नवसाचा बुधवार होता असं निघालं. सकाळपासून उपाशी असलेली ती बिचारी खिरीच्या तीन वाट्या रिचवून मोकळी झाली.

संध्याकाळी आम्ही दोघी भांडी घासायला बसलो. मी म्हटलं, "जिंकलीस की गं." ती म्हणाली, "आज त्यांना पळायला जागा न्हवती शैला. दार उघडं असताना कोन येतंय, ते बघायचं." घराचं काय करणार, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परतले. गाडीत मला वाटत होतं की ही बाई उगाच जास्त मागतेय, वाट्या रिकाम्या झाल्या हे काय थोडं झालं? मी या प्रवासात पाये शिकले, खिरीतली चूक शिकले, माडगं शिकले, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगली कृती सुनीताची होती. घरी येऊन मी ती चार जणींना तिखटमीठ लावून सांगितली. सांगून झाल्यावर दर वेळी वाटायचं, गोष्ट अजून पुरी झालेली नाही. सुनीताचंच खरं होतं. अडवून खायला घालणं वेगळं आणि कुणी आपण होऊन पाटावर बसणं वेगळं.

मग एका दुपारी तिचा फोन आला. आवाज असा की मला आधी वाटलं कुणी गेलं.

"गोदाकाकू आलत्या," ती म्हणाली. "भिशी न्हाई, काम न्हाई, कायी न्हाई. सरळ चुलीपाशी येऊन बसल्या. म्हनल्या, सिस्टर, आज उपास न्हाई माझा. काय केलंय?"

"अगं मग? काय वाढलंस?"

"कायीच केलं न्हवतं गं. डब्यात सकाळची भाकर अन् ठेचा. मी म्हनलं काकू, जरा थांबा, गरम करते कायतरी."

"आणि काकू?" मी विचारलं.

"तर म्हनल्या, कशाला? चालतंय."