धुऱ्यावरचं पांढरं

वर्ध्याच्या दवाखान्यातून फोन आला, वेणूबाई गेली म्हणून. मी आधी विचारलं, "तुले कोणं सांगतलं?" फोनवर तिचाच मुलगा होता. काय करता, आमच्या दोघींत ऐकल्याबरोबर विश्वास ठेवायची रीतच नव्हती. वेणूबाई माझी मोठी जाऊ... काही आठवडे झाले, अजून तिच्या घराकडे बघताना मी सावधच असते.

नव्वदच्या सुमारास हिंगणीचं वावर दोघा भावांत वाटलं गेलं. नहराकडचा, म्हणजे कालव्यालगतचा, सखल भाग तिच्याकडे, वरचा आमच्याकडे, मध्ये धुऱ्याचा बांध. तेव्हा दोन्ही तुकडे सारखेच होते हो. पण नहराचं पाणी झिरपत राहिलं आणि तिच्या जमिनीवर मीठ फुलू लागलं. गहू वीतभर व्हायचा आणि पानांच्या कडा करपायच्या. "तुमाले पयलेच माहीत होतं," एवढंच ती म्हणायची. वावर पडीक पडायची वेळ आली होती.

मग गावात कृषी सहायकाची बैठक झाली. त्यानं सांगितलं, खाऱ्या जमिनीत झाड उपाशी माणसासारखं मिळेल ते ओढतं, मीठसुद्धा. जिप्सममधलं कॅल्शियम मातीला धरून बसलेलं मीठ सोडवतं, मग चर खणून गोडं पाणी दिलं की ते निघून जातं. आणि पालाश खत मिळालं की मुळं मीठ कमी घेतात. मी मूठभर जिप्सम घेऊन धावत तिच्याकडे गेले. तिनं जिप्सम हातावर घेतलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पांढऱ्यावर पांढरं टाकाले सांगून राह्यली? काऊन, पुरतं मारतं का माहं वावर? आधी तुह्या वावरात टाक." टाकलं बापा, चांगल्या जमिनीत, तिच्या डोळ्यांदेखत. कापणीपर्यंत ती रोज माझा गहू बघायला यायची. पुढच्या वर्षी तिनंही टाकलं, चर खणला, पालाश दिलं. दोन-तीन हंगामांनी तिच्या ओंब्या भरल्या. मी कौतुक करायला गेले तर म्हणाली, "आता हे वावर मागाले येशीन." मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर काही वर्षांनी एका सकाळी माझ्या बाजूनं, धुऱ्यालगत, पांढरी भुकटी पडलेली दिसली. पुढच्या वर्षी पुन्हा. मी हातही लावला नाही; वेणूबाईची करणीच, दुसरं काय! तिच्या घरून आलेलं पुरण मी म्हशीला घालू लागले. म्हैस ठणठणीत राहिली, तरी माझा संशय काही जाईना.

गेल्या आठवड्यात तिचा मुलगा एक पोतं घेऊन आला. "काकू, जिप्सम होय. आईनं जाच्या आधी तुमच्यासाठी बांधून ठेवलं. तुमच्या वावरात मीठ चढून राह्यलं ना, आई दरसाल तिकडं टाके."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"म्हणे, तिले सांगू नको. तिले वाटन, मी वावर मागून राह्यली."

तो गेल्यावर मला रडू आलं, आणि रागही. भांडायला तरी जिवंत राहायचं होतं, बाई... पोतं ओसरीत आहे. तोंड तिच्या जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलेलं, गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. सोडताना माझं नख तुटलं. पोतं भरलेलंच माझ्या घरी पोचावं म्हणून तिनं पोटच्या पोरावरही भरवसा ठेवला नव्हता.