बंदूक भरणाऱ्याचा वाटा

मंडळी, आज शुक्रवार. रूममेट सुट्टीवर गावी गेलाय, ओमानमधल्या रुवीतल्या खोलीत मी एकटाच. जेवताना कुणाचा तरी आवाज हवा म्हणून व्हिडिओ लावला. एक अमेरिकन म्हातारा हरणाच्या शिकारीसाठी स्वतः काडतुसं भरत होता. बंदुकीची दारू काट्यावर तोलायची, वर तांब्याच्या कवचाची गोळी बसवायची. पुरता रमला होता.

आमच्या घरी ठासणीची बंदूक आहे, शेतात डुकरं घुसतात म्हणून परवान्याची. ती भरायचं काम माझं. दारू, काथ्या, छर्रे घालून गजाने ठासायचं. भरणाऱ्याला शिकारीच्या मटणाचा वेगळा वाटा, असा गावचा रिवाज. मी ओमानला आल्यावर अकरा वर्षं बाबाच बंदूक भरायचे, पण वाटा माझ्या नावाने काढायचे. आई फोनवर सांगायची, "तुझो वाटो शिजयलंय."

व्हिडिओ बंद करून बाबांना साधा फोन लावला. कालच डुक्कर मिळालं, असं ते म्हणाले. मी हसत विचारलं, "माझो वाटो काढलास मा?"

बाबा म्हणाले, "यंदा बंदूक शेजारच्या बाबल्यान भरली. वाटो तेकाच दिलो. माझे हात थरथरतत रे आता."

कधीपासून, हे विचारायचं धाडस झालं नाही.

रोज व्हिडिओ कॉल होतो आमचा. बाबांचा चेहरा मला रोज दिसतो. फोन मात्र नेहमी आई धरते, हे आज लक्षात आलं.

तुमच्या घरी फोन कोण धरतं?